सवतीची ट्रंक

माझ्या गळ्यात काळ्या मण्यांच्या शेजारी माझी सवत लटकत असे. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी या घरात यायच्या आधीच ती बाळंतपणात गेली होती. दुसरेपणाची बायको म्हणून मी उंबरठा ओलांडला, तेव्हा सासूने आधी काय केलं असेल, तर चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेली एक बाईची आकृती माझ्या गळ्यात बांधली. त्याला सवतीचा टाक म्हणतात. आधी तिला, मग मला, असा त्याचा कायदा. हळदकुंकू आधी टाकाला, सणाचा घास आधी टाकाला आणि नवं लुगडं आलं की तेही आधी टाकाला. एवढं पाळलं की मेलेली बाई जितीच्या वाटेला जात नाही, असं सगळे मानत.

आमच्या हातखंब्याच्या बाजूच्या वाड्यांत दुसरेपणावर दिलेल्या पुष्कळ बायका होत्या. त्या टाकाला लुगडं दाखवत, पदराला कुंकवाचं बोट लावत, ‘नेस गो बाय’ म्हणत आणि लगेच तेच नेसून कुणाच्या तरी लग्नाला निघत. मेलेलीचा मान राहिला, जितीची हौस झाली. पण माझी सासू सोनूबाई हे वेगळंच प्रकरण होतं. तिच्या मते सावित्रीला, म्हणजे माझ्या सवतीला, दाखवलेलं लुगडं सावित्रीचंच झालं. दाखवून परत घ्यायचं म्हणजे मेलेल्या माणसाला वाकुल्या दाखवणं. म्हणून कुंकवाचं बोट लागलेलं प्रत्येक लुगडं माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत जाई, आणि ट्रंकेची किल्ली सासूच्या कनवटीला असे.

माझा नवरा महिपत मुंबईला गिरणीत होता. दिवाळीला, शिमग्याला गावचं कुणी आगबोटीने यायचं असलं, की त्याच्याबरोबर तो बिचारा माझ्यासाठी लुगडं धाडायचा. ते माझ्या हातात येई, मी त्याचा वास घेई, काठावरून बोट फिरवी आणि मग ते सावित्रीकडे जाई. माझ्याकडे दोन लुगडी होती, एक अंगावर आणि एक वलणीवर वाळत. दोन्हींना दंड घातलेले, म्हणजे मधला विरलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना शिवायचे. सासूचीही तीच तऱ्हा. घरात लुगड्यांनी भरलेली ट्रंक, आणि आम्ही दोघी सासवासुना ठिगळं मिरवत फिरत होतो.

मी बोलले का नाही, असं कुणीही विचारील. मी भीत होते, हे त्याचं सरळ उत्तर. माहेरी माझ्या जिभेला हाड नाही म्हणत, पण इथे ती टाळ्याला चिकटली. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते आणि दुसऱ्यांच्या पोरांवर टपून असते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यात सावित्रीची इच्छा राहून गेलेली. दिवस भरत आले तेव्हा तिने हिरवं लुगडं मागितलं होतं. पावसाळ्यात आगबोटी बंद, घरात हिरवं लुगडं नाही, आणायचं कुठून, असं म्हणता म्हणता तिला कळा लागल्या आणि ती गेली, पोटातल्या पोरासकट. सासू हे दर अवसेला सांगायची आणि सांगून झालं की ट्रंकेपुढे निरांजन ठेवायची.

माझा त्या गोष्टीवर पूर्ण विश्वास होता. तिन्हीसांजेला मी एकटी मागच्या विहिरीवर जात नसे. जनी झाल्यावर तिला पाजायला घेतलं, की मी टाक फिरवून पाठीवर टाकी, म्हणजे सावित्रीला पोर दिसायला नको. पाठीवरचा तो थंड पत्रा जरा हलला, की माझ्या अंगावर काटा येई.

शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच वर्षीच्या श्रावणात जनीला हिंव भरलं. पाच वर्षांची पोर. आधी दात वाजत, मग अंग तव्यासारखं तापे आणि मग इतका घाम सुटे की खालची गोधडी पिळून काढावी. आणि आमचा श्रावण म्हणजे काही वाळायचं नावच नको. चुलीवरच्या वलणीवर टाकलेलं कापड दोन दिवसांनी ओलंच, फक्त त्याला धुराचा वास लागलेला. जनीच्या अंगाखाली घालायला कोरडी चिंधी उरली नाही. पोर ओल्यात निजे, ओल्यात कुडकुडे, आणि दर पाळीला तिच्या अंगातलं थोडं थोडं बळ कमी होई. ती हातातून जाते आहे हे मला दिसत होतं.

सासू देवळात गेली आणि तिने भागोजी गुरवाला कौल लावायला सांगितला. देवाच्या पाषाणाला पाण्याने कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. भागोजी माणूस सरळ होता, पण गाऱ्हाणं घालायचं ते तुम्ही सांगाल तेच. ही सावित्री का, असं सासूने विचारलं. उजवी पडली. तिला लुगडं हवं का, असं विचारलं. उजवी पडली. यापलीकडे सासूने काही विचारलंच नाही. घरी आली तेव्हा तिचे ओठ काळे पडले होते आणि तिने माझ्याकडे न बघता जनीकडे पाहिलं. 

आगबोटी बंद, म्हणजे महिपतकडून काही यायची आशा नव्हती. सासू म्हणाली, मी पालीला जाऊन बाजारातून लुगडं आणणार आणि दिवेलागणीच्या आत ते सावित्रीला पोचलंच पाहिजे. पण ट्रंकेत आता बोट शिरायला जागा नव्हती. मागचं लुगडं ठेवलं तेव्हा मी झाकणावर बसले होते, तेव्हा कुठे कडी लागली. मग सासूने आजवर कधी केलं नाही ते केलं. कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. सगळी लुगडी बाहेर काढ, नीट दाबून परत लाव, नव्याला जागा कर, घडी मोडू नको, काढताना नि ठेवताना तिचं नाव घे, असं बजावलं. मी तिला म्हटलं, पालीच्या पोस्टात तापावरचं कोयनेल मिळतं, तेवढ्या पुड्या आणा. ती वळली आणि इरलं डोक्यावर घेऊन पावसात निघून गेली.

आता घरात मी, तापाने बरळणारी जनी आणि ती ट्रंक. भर दुपार होती, पण माजघरात एवढा काळोख की मी दिवा लावला. किल्ली कुलपात जाईना, ती दोन्ही हातांनी बसवावी लागली. कडी निघाली तेव्हा झाकण आपोआप बोटभर वर आलं. आत दाबून बसवलेलं कापड फुगत होतं, एवढंच कारण. पण मी ओरडत मागे सरले आणि टाक पाठीवर टाकून जनीला पोटाशी धरून किती वेळ बसून राहिले कोण जाणे.

शेवटी जनीलाच पुन्हा थंडी वाजायला लागली म्हणून उठले. ‘सावित्रीबाय, हे तुझं’ म्हणत वरचं लुगडं काढलं आणि चटईवर ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकाच्या पदराला कुंकवाचं वाळलेलं बोट. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी यांना ओळखते. हे जांभळं माझ्या पहिल्या दिवाळीचं. हे डाळिंबी जनी पोटात होती तेव्हाचं. हे पिवळ्या काठाचं जनीच्या बारशाचं, ज्या बारशाला मी दंडाचं लुगडं नेसून पाळण्यापाशी उभी होते आणि शेजारणी एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. माझ्या संसाराची सगळी वर्षं तिथे घड्या घालून ठेवलेली होती, आणि त्यातलं एकही माझ्या अंगाला लागलेलं नव्हतं.

तेव्हा मला राग आला. भीती होतीच, ती कुठे गेली नव्हती, पण तिच्या शेजारी राग येऊन बसला. मी एक घडी उलगडली. उलगडू नको म्हणून सांगितलेली घडी. तर ती घडीवरच फाटली. कसर लागली होती. दुसरी पाहिली, तिला पत्र्याच्या गंजाचे डाग. चटईभर लुगड्यांचा ढीग झाला होता. मला लागतात किती? एक अंगावर, एक वलणीवर, एक सणासुदीला. मला पुरेल, सासूला पुरेल, जनी मोठी झाली तर तिलाही पुरेल एवढं कापड या घरात होतं. आणि तरी सासू आणखी एक आणायला पावसातून पालीला गेली होती. सावित्रीला अजून पुरलं नाही म्हणून आम्ही भीत होतो, आणि पुरलं म्हणायचं कधी, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

तळाशी एका जुन्या धोतराच्या पानात बांधलेलं गाठोडं होतं. आत कडुलिंबाचा पाला, वाळून चुरा झालेला. त्याच्या आत लुगडं. हिरवं, पोपटी काठांचं, कोरं करकरीत, कसरीचा दातही न लागलेलं. मी पदर दिव्याशी नेला. कुंकवाचं बोट नव्हतं.

कुंकू नाही, म्हणजे हे टाकाला दाखवलेलं नाही. टाक माझ्या गळ्यात यायच्या आधीचं. सावित्री जिती होती तेव्हाचं. पोटातलं पोर घेऊन ती हिरवं लुगडं मागत होती आणि हिरवं लुगडं माजघरातल्या या ट्रंकेत, तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. घरात नव्हतं, आगबोटी बंद होत्या, हे सगळं मागाहून रचलेलं.  आजवर मला वाटत होतं, की सावित्रीला फक्त लुगडं मिळालं नाही. तिला फसवलं गेलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मग तर तिने या घरातलं पोर का नेऊ नये?

त्याच वेळी जनीला उलटी झाली. माझ्या अंगावर, गोधडीवर, सगळीकडे. वलणीवरचं दुसरं लुगडं चाचपलं तर ते ओलंचिंब. जनीचे ओठ निळे पडायला लागले होते. तिला उराशी धरून ऊब द्यावी, तर माझ्या अंगावर कोरडा धागा नव्हता, आणि पायाशी कोरड्या लुगड्यांचा हा ढीग.

मी टाक पाठीवरून पुढे घेतला. पहिल्यांदाच तो नीट पाहिला. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता बाईचा आकार. मला जे सुचलं ते मी बोलले.

“सावित्रीबाय, हे तुला हवं व्हतं, मी नेसते. बाकीची तुजीच हायत, पन माज्या पोरीला कोरडं नाय. तूपन आई व्हनार व्हतीस. दे मला.”

मी वाट पाहिली. काय होईल याची, तेही मला ठाऊक नव्हतं. दिवा विझेल, झाकण आपटेल, जनीचा श्वास थांबेल. पाऊस कौलांवर पडत राहिला. मग मी ओलं लुगडं फेडलं आणि हिरवं नेसले. गाठ तीनदा सुटली. जांभळं, डाळिंबी, पिवळ्या काठाचं, जे हाताला येईल ते पसरून जनीची गादी केली, तिला पुसली, एकात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन दाराकडे पाठ करून बसले. घाम आला की भिजलेलं फेकायचं, दुसरं ओढायचं. चटईवरचा ढीग हळूहळू कमी होत होता, आणि दर लुगड्याला मी सावित्रीचं नाव घेत होते.

सासू कधी आली ते मला पावसात कळलं नाही. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर ती उंबरठ्यात बसली होती, बसली म्हणजे कोसळलीच होती. इरलं बाजूला पडलेलं, हातातलं बोचकं घरंगळून आत आलेलं. दिव्याच्या उजेडात तिला फक्त हिरवं लुगडं दिसत असावं. ती हात जोडून बोलायला लागली, आणि ते माझ्याशी नव्हतं.

“सावित्री, माजं चुकलं गो. महिपतानं आनून दिलं व्हतं, मीच दडवलं. बारशाला नेसवनार व्हते. रोजच्याला नेसलीस तर इटेल, म्हनून. तू मरशील असं माज्या ध्यानीमनी नव्हतं. पोरीला नेऊ नको. मला ने.”

मी म्हटलं, मी चिमा आहे. तिला ते ऐकूच गेलं नाही. मी दिवा उचलून माझ्या तोंडाशी धरला तेव्हा कुठे ती गप्प झाली. मग तिची नजर फाटक्या घड्यांवरून, रिकाम्या ट्रंकेवरून, जनीच्या खालच्या ढिगाऱ्यावरून फिरली. मला वाटलं आता ती मला मारील. मारलं असतं तरी मी जनीला खाली ठेवणार नव्हते.

“आत्याबाय, तिला आनी आमाला पुरून उरंल एवढं हाय,” मी म्हटलं. “आता नको.”

ती नखशिखांत भिजली होती आणि थरथरत होती. मी ढिगातलं एक लुगडं तिच्याकडे सरकवलं. तिने त्याला हात लावला नाही. बोचकं मात्र ओढून घेतलं. आतल्या नव्या लुगड्याच्या घडीत, केळीच्या पानात गुंडाळून, कोयनेलच्या पुड्या होत्या. मी मागितल्या तेव्हा तोंडातून अक्षर काढलं नव्हतं म्हातारीने, आणि लुगड्याच्या आत जपून आणल्या होत्या. ती सावित्रीला भीत होती, पण पोस्टातल्या औषधावरही थोडा विश्वास ठेवून होती, एवढं मला त्या दिवशी कळलं. आम्ही दोघींनी मिळून जनीचं तोंड उघडलं आणि ती कडू पूड पाण्यातून पाजली.

जनी त्या तापातून उठली, हे मी आत्ताच सांगून टाकते. पण त्या संध्याकाळी ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही दिव्याशी बसून होतो, सासू भिंतीला टेकून ओल्या लुगड्यातच, आणि दोघींचे डोळे पोरीच्या छातीवर, वरखाली होते का ते बघत.

बऱ्याच वेळाने जनीने डोळे उघडले. वर माझ्याकडे पाहिलं. ओळखीची खूण तिच्या तोंडावर दिसेना. ती तशीच बघत राहिली आणि मग मान वळवून सासूला विचारलं, “आजी, ही कोन?”

 सासूने भिंतीला नखं रोवली. मेलेली बाई पोराला दिसते ती अशीच दिसते, आमच्या दोघींच्या मनात तेच आलं. मी कसंबसं म्हटलं, मी तुजी आई. जनीने मान हलवली.

“आईचं लुगडं असं नसतं,” ती म्हणाली. “आईचं फाटकं असतं.”

आणि ती रडायला लागली. माझ्याच मांडीवर बसून, माझ्यासाठी. आईला बोलाव म्हणून आजीकडे हात करू लागली. अंगात त्राण नव्हतं तरी माझ्या छातीवर दोन्ही हात लावून मला लोटत होती. पाच वर्षांत या पोरीने आपल्या आईला एकदाही धड लुगड्यात पाहिलं नव्हतं. मला भीतीने रडू येत होतं की कशाने, ते मला सांगता यायचं नाही. पोर शांत व्हावी म्हणून मी वलणीवरच्या माझ्या जुन्या लुगड्याकडे हात केला. ओलं तर ओलं, तेच अंगावर घेते म्हटलं.

सासू उठली. माझ्या हातात यायच्या आधीच तिने ते ओढून काढलं, बोळा केला आणि चुलीत कोंबलं. मग स्वतःचं भिजलेलं लुगडं फेडलं, मी सरकवलेलं नेसली आणि चुलीपुढे बसली. मी जनीच्या कानाशी बोलत राहिले, तिच्या बाहुलीचं, गोठ्यातल्या पाडीचं, काय सुचेल ते, आणि हळूहळू आवाज ओळखून तिने लोटायचं थांबवलं. चुलीतलं लुगडं ओलं होतं, ते पेटेना. घरभर धूर झाला, आम्हा तिघींच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि सासू फुंकणी घेऊन फुंकत राहिली.